होडीचं वळण थोडं सुधारलं, तर जुने खेळाडू एवढे का चिडले?

प्रश्न चिपळूणच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा मोबाइल गेम केला. गोवळकोटच्या धक्क्यावरून होडी सोडायची, वाशिष्ठीतल्या मगरी चुकवायच्या, भरती-ओहोटी सांभाळायची आणि दाभोळ गाठायचं. कॉलेजात, ओळखीपाळखीत गेम बरा चालला. मग एका अपडेटमध्ये त्यांनी होडी वळायचा वेग सेकंदाला 90 अंशांवरून 108 केला, कारण नवे खेळाडू पहिल्याच वळणावर मगरीच्या तोंडात जात होते. नव्यांना बरं वाटलं, जुने भडकले. 'गेमची वाट लावली' असे निरोप आले, काहींनी तर गेम काढूनच टाकला. आता दुसरा भाग करायचा आहे. त्याचे प्रश्न तीन: एवढ्याशा बदलाने एवढा फरक का पडतो? दुसऱ्या भागात काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं? शिवाय दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या लाटेवर होडी नेमकी चढवली की ती उडी मारून वाळूचा पट्टा ओलांडते, हा मुळात बग आहे. तो काढावा का?

मी गेम बॅलन्सिंगचं काम करते. आधी पुण्यात स्टुडिओत करत होते, आता वेंगुर्ल्यात घरूनच करते. आकडे खालीवर करणं आणि त्यावरून शिव्या खाणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तुझा आकडा मांडून बघू. 90 अंशांचं वळण पूर्वी एका सेकंदात व्हायचं, आता 0.83 सेकंदात होतं. फरक 0.17 सेकंदाचा, म्हणजे पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं, फ्रेम, धरल्या तर दहा फ्रेमचा. होडीचा वेग तोच ठेवलास, म्हणून वळणाची त्रिज्या सुमारे एक षष्ठांशाने कमी झाली. ज्याने ते वळण शंभर वेळा घेतलंय तो डोळ्यांनी ठरवून वळत नाही. ठरावीक झाड दिसलं की त्याचा अंगठा आपोआप दाबला जातो. अंगठा जुन्याच क्षणी दाबला गेला आणि होडी आतल्या काठावर जाऊन आदळली. तुझ्या दृष्टीने नियंत्रण सोपं झालं. त्याच्या दृष्टीने त्याला येत असलेली गोष्ट एका रात्रीत येईनाशी झाली, आणि तीही त्याची काही चूक नसताना. राग या गोष्टीचा आहे.

नव्या खेळाडूला हा फरक जाणवतही नाही, कारण त्याच्या अंगठ्यात अजून काही बसलेलंच नाही. बदल लहान की मोठा हे कोडमधल्या आकड्यावरून कळत नाही, तो बदल किती हातांच्या सवयीतून जातो यावरून कळतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

आमच्या वाडीत क्रिकेटला नियम आहे: चेंडू थेट शेजारच्या माडांच्या बागेत गेला की फलंदाज आऊट. या नियमावर वाढलेली पोरं चेंडू जमिनीलगत मारतात. तीच पोरं स्पर्धेसाठी मोकळ्या मैदानावर गेली की पहिले कित्येक सामने खालीच मारत राहतात. नियम मागे राहतो, हात पुढे येतो.

आता आकड्यांच्या स्वभावाबद्दल. सगळे आकडे सारखे वागत नाहीत. समज, शंभर जीव असलेला शत्रू आहे आणि गोळी 34 नुकसान करते. तीन गोळ्यांत तो मरतो. नुकसान 33 केलंस तर तीन गोळ्यांचे 99 होतात, शत्रू एका जिवावर उभा राहतो आणि चौथी गोळी लागते. दोन गोळ्यांमध्ये 0.1 सेकंद जात असेल, तर पहिल्या गोळीपासून मरेपर्यंतचा वेळ 0.2 वरून 0.3 सेकंद, म्हणजे थेट दीडपट. एका अंकाने हे झालं. उलट 34 चे 49 कर, निरोगी शत्रूसाठी काहीच बदलत नाही, कारण दोन गोळ्यांचे 98 च होतात आणि तिसरी लागतेच. कागदावर पंधराचा बदल मोठा आणि एकाचा क्षुल्लक दिसतो, खेळताना अगदी उलटं. आमच्या धंद्यात अशा उंबरठ्यांची यादी काढल्याशिवाय कोणी नुकसानाच्या आकड्याला हात लावत नाही. निदान लावू नये. तुझ्या गेममध्ये गोळ्या नाहीत, पण मगरीच्या किती धडकांत होडी बुडते हा उंबरठाच आहे.

कधी आकडा मारक शक्तीचा नसतो, तरी सगळं हलतं. काउंटर-स्ट्राइकमधली 'एडब्ल्यूपी' ही स्नायपर रायफल घे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या मॅगझिनमधल्या गोळ्या 10 वरून 5 केल्या. किंमत तीच, एका गोळीत मारायची ताकद तीच. पण धुरात अंदाजाने दोन-तीन गोळ्या टाकून बघायची चैन संपली. प्रत्येक गोळी मोजून मारावी लागायला लागली. बदलाची चिठ्ठी एका ओळीची होती.

सीक्वेलमधल्या लहान बदलाचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'हेलो 3' चं आहे. तो गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीचे डिझायनर जेमी ग्रिसमर यांनी 2010 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक अख्खं व्याख्यान एकाच आकड्यावर दिलं: स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ 0.5 सेकंदावरून 0.7 सेकंद का केला. पाचाचे सात, बस. त्या बंदुकीचं दडपण बाकीच्या सगळ्या हत्यारांवर पडत होतं. नुकसान कमी केलं असतं तर ती स्नायपर वाटलीच नसती. मग त्यांनी तिची ओळख सोडून तिच्या लयीला हात लावला. बदल कुठे करायचा हे शोधणं आकडा शोधण्यापेक्षा किती अवघड असतं, ते अशा उदाहरणांवरून कळतं. वळणाचा वेग हा तुझ्या होडीची ओळख आहे. नवे खेळाडू मरत होते हा प्रश्न खरा होता, पण त्यासाठी तू ओळखीलाच हात घातलास.

मग काय करायला हवं होतं? होडीला हात न लावता मगर बदलायची. पहिल्या वळणावरची मगर थोडी मागे सरकव. तिचा हिटबॉक्स, म्हणजे धडक मोजायची चौकट, चित्रापेक्षा थोडा लहान कर, म्हणजे शेपटी घासली तर धडक मोजली जाणार नाही. खेळाडूला वाटतं 'थोडक्यात वाचलो', आणि त्याला मजा येते. 2018 च्या 'सेलेस्ट' मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारता येते. बहुतेकांना ते कधी कळतच नाही, त्यांना फक्त गेम 'हातात बसतो' असं वाटतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' आला तेव्हा तो फार अवघड आहे अशी ओरड झाली. पहिल्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले. नायिका हॉर्नेटच्या उडीला आणि वाराला मात्र हात लावला नाही. अडथळा बदलला की शिकलेलं वाया जात नाही. हालचाल बदलली की जातं.

आता जरा तांत्रिक. तुझ्या तक्रारींमधल्या काही तक्रारी 108 या आकड्याच्या नसतीलच, अशी मला शंका आहे. चिडलेल्यांकडे कोणते फोन आहेत ते आधी विचार. तू होडीचं वळण अपडेट फंक्शनमध्ये दर फ्रेमला थोडंथोडं पुढे सरकवत असशील, आणि डेल्टाटाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणायचं एखाद्या ठिकाणी राहिलं असेल, तर 120 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 120 वेळा पडदा रंगवणाऱ्या, फोनवर होडी 60 हर्ट्झच्या फोनपेक्षा जास्त वळेल. लर्प (दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा सरकणं) वापरून वळण मऊ केलं असशील तर गुणूनही पूर्ण जमत नाही, सूत्रच वेगळं लागतं. होडीचं भौतिकशास्त्र फिक्स्डअपडेटमध्ये ने. तिथे युनिटी मूळ सेटिंगला सेकंदाला 50 वेळा हिशेब करतं, पडदा कितीही वेगाने रंगो.

ही चूक फक्त विद्यार्थी करतात असं समजू नकोस. 'डार्क सोल्स 2' च्या पीसी आवृत्तीत हत्यारांची झीज फ्रेमरेटला बांधलेली होती. सेकंदाला 30 ऐवजी 60 फ्रेमवर खेळणाऱ्यांच्या तलवारी दुप्पट वेगाने झिजत होत्या. ते 2015 मध्ये दुरुस्त झालं. 'क्वेक 3' मध्ये सेकंदाला 125 फ्रेम ठेवल्या की उडी थोडी लांब जायची, कारण गोलाकार करताना उरणारे अपूर्णांक खेळाडूच्या बाजूने पडायचे. जाणकारांनी तो आकडा सेटिंगमध्येच ठोकून ठेवला होता. एकाला तो बग, दुसऱ्याला कौशल्य.

आणि मधमाशी! ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. 2011 च्या 'स्कायरिम' ची सुरुवात एका बैलगाडीसारख्या गाडीतून होते, खेळाडू हात बांधलेला कैदी असतो. गेम बनत असताना ती गाडी कधीकधी रस्ता सोडून थेट आकाशात उडायची. नेहमी नाही, कधीतरीच. नेट परकीपाइल या स्कायरिमच्या एका कलाकाराने नंतर कारण सांगितलं. मधमाशी पकडता येत नाही असा एक लहान बग होता. तो दुरुस्त करताना मधमाशीला धडकेचं गणित लागू झालं, आणि तेही असं की ती कोणालाच हलेना. गाडीच्या वाटेत मधमाशी आली की गाडी जायची वर. दुरुस्ती मधमाशीची, मोडली गाडी. गेममध्ये दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही असं कोणी छातीठोकपणे म्हणालं की मला ही मधमाशी आठवते.

उलट्या दिशेची उदाहरणंही आहेत. 'जीटीए ऑनलाइन' सुरू व्हायला वर्षानुवर्षं कित्येक मिनिटं लागायची. 2021 च्या फेब्रुवारीत बाहेरच्या एका प्रोग्रामरने कारण शोधलं. सुमारे 10 एमबीची, 63 हजार वस्तूंची यादी वाचताना गेम प्रत्येक वेळी उरलेला मजकूर पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. त्याने स्वतः दुरुस्ती करून वेळ सुमारे 70 टक्के कमी करून दाखवला. गेमची कंपनी रॉकस्टारने मार्चमध्ये ती दुरुस्ती घेतली आणि त्याला 10 हजार डॉलर बक्षीस दिलं. 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' चं तर एका अक्षरावर भागलं असतं: सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' या शब्दात एक 'ए' जास्त पडला होता, त्यामुळे एलियनना जागा धरून हल्ला करायची बुद्धीच मिळत नव्हती. गेम 2013 चा, ही गोष्ट गाजली 2018 मध्ये. तोवर त्याचं नाव खराब होऊन गेलं होतं.

मग आपल्याकडचा प्रश्न, ज्याचा बाहेरच्या लेखांत उल्लेख सापडत नाही. अपडेट स्वतःच एक ओझं असतं. गणपतीत चाकरमानी गावी येतात. मुंबईच्या भावंडांच्या फोनमध्ये ताजं व्हर्जन असतं, गावातल्यांच्या फोनमध्ये जुनं. एकत्र खेळायला बसले की 'व्हर्जन जुळत नाही'. मग रोजच्या दीड जीबीतला डेटा उरलेला नाही, पावसाने लाइट गेलेली, आणि सड्यावर गेल्याशिवाय रेंज नाही. आरती होईपर्यंत डाउनलोड अर्धवट. मी हे घरात दरवर्षी बघते. म्हणून सांगते, तुझ्या गेममधले आकडे ॲपच्या आत पक्के करू नकोस. वळणाचा वेग, मगरींच्या जागा, लाटेचा जोर हे सगळं सर्व्हरवरून येणाऱ्या छोट्या फाइलमध्ये ठेव, काही केबीत काम होईल. चुकलं तर तासाभरात मागे घेता येतं. प्ले स्टोअरवर मात्र मागे जाता येत नाही. जुनी बिल्डसुद्धा नवा, वाढीव व्हर्जन क्रमांक देऊनच पुन्हा चढवावी लागते. टप्प्याटप्प्याने थोड्या टक्के लोकांना अपडेट द्यायची सोय तिथे आहे, ती वापर. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जुनी आवृत्ती वेगळ्या शाखेत ठेवता येते, मोबाइलवाल्यांना ती चैन नाही.

आपल्याच देशातलं एक उदाहरण बघ. पबजी मोबाइलवर 2020 च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली, आणि 2021 च्या जुलैमध्ये तोच गेम बीजीएमआय म्हणून परत आला. रक्ताचा रंग लाल नाही, खेळणाऱ्याला हे आभासी जग आहे अशी आठवण करून देणारे संदेश, लहान मुलांना वेळेची मर्यादा. पडद्यावर सगळ्यात आधी नजरेत भरतील असे हे बदल. तरी आमच्या गल्लीतली पोरं दोन दिवस हिरव्या रक्तावर हसली आणि पुन्हा खेळायला लागली, कारण बंदुकीचा धक्का त्यांच्या बोटांना ओळखीचाच होता. त्या धक्क्यात थोडा जरी फेरफार झाला असता, तर आठवडाभर नाक्यावर दुसऱ्या कसल्या गजाली झाल्या नसत्या.

आता सीक्वेल. लोक समजतात सीक्वेल म्हणजे नव्याने सुरुवात. तसं कधीच नसतं. पहिल्या भागाचे खेळाडू हातात पहिला भाग घेऊनच येतात.

काही वेळा सीक्वेल हा मोठा पॅच असतो आणि तो गरजेचा असतो. पहिल्या पोकेमॉनमध्ये 'स्पेशल' हा एकच गुण हल्ल्यालाही लागायचा आणि बचावालाही, त्यामुळे सायकिक प्रकारचे पोकेमॉन डोईजड झाले. त्यात भूत प्रकाराचा त्यांच्यावर परिणाम व्हायला हवा होता, तो एका चुकीमुळे शून्य होता. 1999 च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' मध्ये स्पेशलचे दोन भाग केले, भुताची चूक सुधारली, डार्क आणि स्टील असे दोन नवे प्रकार आणले. चालू गेममध्ये हे केलं असतं तर प्रत्येकाची जमवलेली टोळी मोडली असती. आणि त्या कार्ट्रिजच्या काळात ते शक्यही नव्हतं. नव्या भागात मात्र लोकांनी ते स्वीकारलं, कारण नवा भाग म्हटलं की पुन्हा शिकायची तयारी असते.

ती तयारी गृहीत धरली की काय होतं, ते 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या गेममालिकेत बघायला मिळतं. 2001 च्या 'मेली' मध्ये हवेतून तिरकं जमिनीवर घसरायची युक्ती खेळाडूंनी शोधली होती. 2008 च्या 'ब्रॉल' मध्ये हवेत चुकवायची पद्धत बदलली, ती युक्ती गेली. वर धावताना पात्र अधूनमधून आपोआप ठेचकाळायला लागलं. हेतू वाईट नव्हता, नवख्यांना आणि पट्टीच्यांना एकत्र खेळता यावं हा होता. तुझाही हेतू तोच होता की. पट्टीचे खेळाडू मात्र मेलीकडेच राहिले. 2013 मध्ये मेली 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत परतला, सीक्वेल येऊन पाच वर्षं झाल्यावर. ते ठेचकाळणं 2014 च्या भागात काढूनच टाकलं.

माइनक्राफ्टने तर सीक्वेल न काढताच हे ओढवून घेतलं. 29 फेब्रुवारी 2016 ला आलेल्या 1.9 आवृत्तीत तलवारीच्या दोन वारांमध्ये थांबायला लावलं. पूर्ण जोराचा वार हवा असेल तर साधारण 0.6 सेकंद थांबा. त्याआधी जितक्या वेगाने क्लिक कराल तितके वार बसायचे. आजही माणसामाणसांच्या लढाईचे कित्येक सर्व्हर 1.8 च्या पद्धतीवर चालतात. मला स्वतःला नवी पद्धत जास्त विचारपूर्वक केलेली वाटते. त्याने काही फरक पडत नाही.

कंपन्यांना हे उशिरा कळतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा जुना, मूळ रूपातला सर्व्हर द्या, अशी ब्लिझार्ड या तो गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मेळाव्यात, 2013 च्या ब्लिझकॉनमध्ये, एका खेळाडूने मागणी केली. मंचावरून उत्तर मिळालं की तुम्हाला ते हवंय असं तुम्हाला फक्त वाटतंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने 1.12 आवृत्तीवर बेतलेला 'क्लासिक' बाजारात आणला आणि रांगा लागल्या. आता तर सीक्वेल आणि अपडेट यांतली भिंतच पडते आहे. काउंटर-स्ट्राइक 2 हा 2023 च्या सप्टेंबरमध्ये जुन्या गेमच्या जागी अपडेटसारखा येऊन बसला. डाव्या हातात बंदूक धरून खेळायची सोय सुरुवातीला नव्हती, ती 2024 मध्ये परत आली. डावखुऱ्या सवयीचे लोक किती असतील? थोडेच. पण ते सगळ्यात आधी बोलले.

वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्डचं एक चांगलं उदाहरण द्यायचं राहिलं. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळलं की अनुभवाचे गुण निम्मे मिळायचे. लोक संतापले. मग मूळ दर दुप्पट आहे असं न मानता तो 'विश्रांतीचा बोनस' ठरवला, आणि दमल्यावरचा दर 'नेहमीचा'. गणित जवळपास तेच, राग गेला. म्हणून पॅच नोट्स कशा लिहायच्या हे ठरवताना टाळाटाळ करू नकोस. तुमच्या अपडेटच्या नोंदीत 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं होतं, असं तू म्हणालास. ज्याची होडी काठावर आपटते आहे त्याला किरकोळ हा शब्द टोचतो. 'वळण 90 वरून 108 अंश, कारण अमुक' असं लिहिलं असतंस तर निम्मे तरी बोटं जुळवून घ्यायला बसले असते.

दुसऱ्या भागासाठी माझा सल्ला असा. वळण 90 वर परत ने. अपडेटनंतर आलेल्या नव्यांना 108 ची सवय लागली असेलच, म्हणून दुसऱ्या भागात दोन होड्या दे: जुनी जड होडी 90 ची, नवी हलकी 108 ची, पण हलकी भरतीच्या ओढीने जास्त वाहून जाते. सिल्कसाँगने हेच केलं. 'हॉलो नाइट' या त्याच्या पहिल्या भागात खालचा वार सरळ होता, हॉर्नेट तिरकी झेपावते आणि जुन्या खेळाडूंचे हात चुकत राहतात. पण पुढे एक क्रेस्ट, म्हणजे वाराची पद्धत बदलणारं चिन्ह, मिळतो, तो लावला की वार बराचसा जुन्यासारखा पडतो. सवय काढून घेतली नाही, थोडी उशिरा परत दिली. मला ती युक्ती हुशार वाटली, थोडी आगाऊसुद्धा.

लीडरबोर्डवरचे वेळ व्हर्जनप्रमाणे वेगळे ठेव. 108 च्या होडीने 90 चे विक्रम मोडणं ही चोरी आहे, आणि ज्याचा विक्रम मोडला त्याला ते बरोबर कळतं. वेगात गेम संपवणारे लोक उगाच व्हर्जन नोंदवून ठेवत नाहीत. एका अपडेटमध्ये हालचालीशी संबंधित एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर तक्रार कशाची हे तुलाही कळणार नाही. आणि निवाडा पहिल्या दोन दिवसांत करू नकोस. पहिल्या दिवशी राग असतो, तो खरा असतो पण त्यातून माहिती कमी मिळते. आठवड्याने त्याच वळणावर किती होड्या आतल्या काठाला लागतात ते मोज. आकडा खाली आला तर हात शिकले. तसाच राहिला तर तुझा बदल चुकला.

राहिला फेरीबोटीच्या लाटेचा बग. तो काढू नकोस, निदान असा सरसकट नको. 1991 च्या 'स्ट्रीट फायटर 2' मध्ये एका वाराला दुसरा वार अडवता न येता जोडता येतो, हे निर्माते नोरिताका फुनामिझु यांना गाडी फोडायच्या बोनस फेरीत दिसलं. एवढं अचूक कोणाला जमणार म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि पुढे सगळ्या मारामारीच्या गेमचा कणाच तो झाला. 1998 च्या 'स्टारसीज: ट्राइब्स' मध्ये उतारावर उडीचं बटण सतत दाबलं की खेळाडू घसरत सुसाट जायचा. भौतिकशास्त्रातली ती फट होती. पुढे त्याच मालिकेत घसरण्यासाठी वेगळं बटणच दिलं. गांधीजींच्या अणुबाँबची गंमत तर आणखी वेगळी. पहिल्या 'सिव्हिलायझेशन' मध्ये गांधींच्या आक्रमकतेचा आकडा शून्याच्या खाली जाऊन 255 झाला आणि गांधी अणुबाँब टाकत सुटले, ही दंतकथा सगळीकडे सांगितली जाते. असा बग नव्हताच, हे त्या गेमचे निर्माते सिड मायर यांनीच 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी 2010 च्या पाचव्या भागात गांधींची अणुबाँबची आवड मुद्दाम, दहाच्या मापावर बारा, अशी ठेवलेली होती. न झालेला बगसुद्धा सीक्वेलमध्ये शिरतो, तर तुझा खरोखरचा का नाही?

फक्त आधी तपास. ती उडी सगळ्या फोनवर सारखीच लागते का? 120 हर्ट्झवरच लागत असेल तर ती महागड्या फोनची सवलत झाली, ती आजच बंद कर आणि फिक्स्डअपडेटमध्ये नेऊन सगळ्यांना सारखी दे. मग दुसऱ्या भागात ती जमवणं थोडं अवघड ठेव. लाटेच्या माथ्यावर होडीचं नाक आलं की पाण्याचा आवाज बदलू दे, म्हणजे ज्याला माहीत नाही त्यालाही काहीतरी आहे असा संशय येईल. आणि वाळूचा पट्टा ओहोटीलाच उघडा पडतो. तेव्हा ती उडी भरतीच्या वेळी निरुपयोगी आणि ओहोटीला सोन्याची अशी आपोआप होईल. त्यासाठी नवा आकडा लिहायची गरज नाही, भरतीचं वेळापत्रक तुझ्या गेममध्ये आधीपासूनच आहे.